चिकू, टाकी आणि स्टँडमागची चार इंच जागा

डिसेंबरातली सकाळ, पावणेआठची वेळ. मित्राचा फोन आला. "अरे, चिकूनं माशांच्या टाकीतल्या हीटरची वायर चावली. जोरात केकाटला आणि सोफ्याखाली जाऊन बसलाय. तोंडातून लाळ गळतेय. काय करू?"

चिकू म्हणजे त्यांचं चार महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू. मी आधी एवढंच विचारलं, "मेन स्विच बंद केलास का?" वहिनींनी केला होता, तोही पिल्लाजवळ जायच्या आधी. वायर अजून दातांत असते, फरशी ओली असते, आणि आपण मायेनं पिल्लाला उचलायला धावतो, तेव्हा शॉक दोघांनाही बसू शकतो. वहिनींना त्या घाईत हे सुचलं याचं मला फार कौतुक वाटलं आणि अजूनही वाटतं.

मित्र म्हणत होता, आता बरा दिसतोय, तासभर वाट बघतो. मी म्हटलं, वाट बघू नकोस, आत्ताच डॉक्टरांकडे घेऊन जा. वायर चावलेल्या कुत्र्याचं खरं दुखणं बऱ्याचदा उशिरा कळतं. ओठ आणि हिरड्या भाजल्याचं लगेच दिसतं, पण विजेच्या धक्क्यानंतर फुप्फुसात पाणी साठायला काही तास लागतात, कधी दीड दिवससुद्धा. तोपर्यंत पिल्लू खेळतं, खातं, आणि घरचे निश्चिंत होतात.

हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय त्याला कारण आहे. नाशिकमध्ये मी गेली पंधरा वर्षं मासे पाळतोय, ओळखीतल्या दहाबारा घरांतल्या टाक्यांची देखभालही करतो. ही टाकी मीच लावून दिली होती. घरात पिल्लू आलं आहे हे मला दोन महिने आधीपासून माहीत होतं. तरी मागच्या वायरिंगकडे मी पाहिलं नाही.

घर आणि टाकी

इंदिरानगरमधला तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. मित्र, वहिनी, सातवीतली मुलगी आणि काकू. हॉलला पूर्वेची गॅलरी आणि गॅलरीच्या समोरच्या भिंतीला टाकी. 36 इंच लांब, 15 इंच रुंद, 18 इंच उंच, काच 8 मिलिमीटरची. काठोकाठ भरली तर 159 लिटर मावतात. वरचे दोन इंच आणि वाळू-लाकडाची जागा सोडली तर प्रत्यक्षात 125 लिटरच्या आसपास पाणी. काचेचं वजन साधारण 30 किलो, वाळू-दगड 25 किलो. म्हणजे स्टँडवर 180 किलोचा भार. मासे म्हणजे चार एंजल, डझनभर टेट्रा, सहा कोरीडोरास आणि एक ब्रिसलनोज प्लेको.

स्टँड लोखंडी चौकोनी पाइपचा, 30 इंच उंच, चारी बाजूंनी उघडा. खालच्या फळीवर कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर बंद डब्यात असणारा, पाइपांनी टाकीला जोडलेला), एअर पंप आणि माशांच्या औषधांचा उघडा डबा. भिंत आणि स्टँड यांच्यात चार-पाच इंच जागा पाइपांसाठी सोडलेली. त्या जागेत फरशीवर एक्स्टेंशन बोर्ड, आणि त्यात चार पिना: फिल्टर, एअर पंप, हीटर आणि लाईटचा अडॅप्टर. बहुतेक घरांत टाकी अशीच लागलेली असते. मोठी माणसं राहतात त्या घरात ती वर्षानुवर्षं बिनबोभाट चालते, कारण स्टँडच्या मागे फरशीवर कुणाचं तोंड जातच नाही.

चिकू कोजागरीच्या सुमारास आला, दोन महिन्यांचा. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर किंवा बागेत न्यायचं नसतं. डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं असतात, रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. म्हणजे ज्या वयात त्याला सगळं जग तोंडात घेऊन बघायचं असतं, तेच वय त्याचं हॉलमध्ये जातं. त्यात चौथ्या महिन्यापासून दुधाचे 28 दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी 42 येतात. हिरड्या शिवशिवतात. मऊ रबराची वायर तेव्हा त्याला फार बरी वाटत असणार.

पहिली सूचना दिवाळीत मिळाली होती

लक्ष्मीपूजनाच्या रात्री सोसायटीत फटाक्यांची माळ लागली आणि अडीच महिन्यांचा चिकू घाबरून स्टँडच्या मागे शिरला. तेव्हा तो तिथे मावत होता. बाहेर काढताना त्याचा पाय फिल्टरच्या पाइपात अडकला आणि पाइप ओढला गेला. सकाळी काकू देवपूजेला उठल्या तर फरशीवर पाण्याचा ओघळ, अगदी बोर्डापर्यंत गेलेला.

मी गेलो. कॅनिस्टरच्या नळाजवळचा जोड सैल झाला होता, तो घट्ट केला. बोर्ड फरशीवरून उचलून एका विटेवर ठेवला. चहा घेतला आणि निघालो. पाणी आणि वीज एकमेकांपासून दोन वितीवर येऊन थांबली होती, आणि मी एका विटेवर समाधान मानलं. पिल्लू परत तिथे जाईल का, गेलं तर का जाईल, हे मी स्वतःलाही विचारलं नाही आणि त्यांनाही विचारलं नाही. डिसेंबरात जे झालं त्याची सुरुवात इथे आहे.

त्या सकाळी

डॉक्टरांनी चिकूचं तोंड उघडून दाखवलं. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला, डावीकडे, तांदळाच्या दाण्याएवढा राखाडी-पांढरा डाग आणि त्याच्याभोवती लाल कडा. जिभेच्या टोकाला तसाच एक बारीक ठिपका. एवढंच. छाती ऐकली, ती साफ होती. दुपारपर्यंत दवाखान्यातच ठेवून घेतलं, वेदनाशामक दिलं, आणि घरी सोडताना मुलीला एक काम दिलं: तो झोपला की मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजायचं. तीसच्या वर जायला लागले, श्वास घेताना पोट ओढलं जायला लागलं किंवा खोकला आला, तर रात्री दोन वाजले तरी घेऊन यायचं. दोन दिवस तिनं वहीत आकडे लिहिले. वीस, बावीस, एकोणीस. खाणं मऊ, भिजवून. भाजलेला भाग चार-पाच दिवसांनी सुटून येऊ शकतो हेही डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे सहाव्या दिवशी ओठाची साल निघाली तेव्हा घरात धावपळ झाली नाही.

ती वायर मी हातात घेऊन बघितली. काळ्या रबरावर बारीक दातांचे खड्डे, एका रांगेत, जवळजवळ दोन इंचांपर्यंत. म्हणजे हे एका सकाळचं काम नव्हतं. कडेचे खड्डे धुळीनं भरलेले होते. आठवडाभर तरी तो रोज थोडा थोडा चावत होता. मधोमध वरचं आवरण फाटलेलं, आतल्या दोन तारांवरची प्लॅस्टिकची साल सोललेली, आणि तांब्याचे दोन-तीन केस चकाकत बाहेर आलेले. टोकं काळी पडली होती. दोन तारांमधलं अंतर दाण्याएवढंच, आणि ओठावरचा डागही तेवढाच.

मित्रानं विचारलं, "एमसीबी पडला कसा नाही?" हा प्रश्न मला अनेक घरांत ऐकू येतो. एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, वायरिंग वाचवतो. सोळा अँपिअरचा एमसीबी शॉर्टसर्किट झालं किंवा भार फार वाढला तरच पडतो. जीव जायला अँपिअरचा काही शतांश भाग पुरतो, आणि तेवढ्यानं एमसीबी ढिम्म हलत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो, ज्याला आपल्याकडे अजून बरेच जण ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून जेवढा करंट जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो की नाही, हे तो सतत बघत असतो. कुठून तरी करंट जमिनीत चालला आहे आणि फरक 30 मिलिअँपिअरपर्यंत पोचला, की तो क्षणात पुरवठा तोडतो. या जुन्या इमारतीत तो नव्हताच.

पण आरसीसीबी असता तर चिकूला काही झालं नसतं, असंही म्हणता येत नाही. चिकूच्या तोंडात फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम आले. करंट एका तारेतून ओठात आणि ओठातून दुसऱ्या तारेत गेला. गेला तेवढा परत आला. कोरड्या फरशीवर उभ्या पिल्लाच्या पायांतून जमिनीत जवळजवळ काहीच गेलं नसणार. अशा वेळी आरसीसीबीला फरक दिसतच नाही. म्हणून मी आता प्रत्येक घरात सांगतो: आरसीसीबी बसवाच, कारण उघडी वायर लोखंडी स्टँडला टेकली किंवा पाण्यात गेली तर तोच वाचवेल, पण दाताखाली येणारी वायर दातापासून लांबच न्यावी लागते, त्याला पर्याय नाही.

माशांचं काय झालं

धावपळीत मेन बंद राहिला तो दुपारी तीनपर्यंत. सात तास फिल्टर बंद. मी पोचेपर्यंत मित्र स्विच चालू करणार होता, त्याला मी फोनवरूनच थांबवलं. कॅनिस्टरच्या आत स्पंजावर आणि रिंगांवर जे जिवाणू माशांच्या विष्ठेतला अमोनिया खाऊन टाकतात, त्यांना वाहत्या पाण्यातला ऑक्सिजन लागतो. बंद डब्यात पाणी साचून राहिलं की ते गुदमरतात, आतला गाळ कुजायला लागतो, आणि स्विच दाबला की ते सगळं कुजकं पाणी एका झटक्यात टाकीत येतं. आधी कॅनिस्टर उघडला. आतलं पाणी ओतून दिलं, स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळून काढले आणि मग सुरू केला. नळाच्या पाण्यात कधी धुऊ नयेत. महापालिकेच्या पाण्यातलं क्लोरिन उरलेसुरले जिवाणूही मारतं.

हीटर मात्र गेला होता. नाशिकची डिसेंबरची रात्र. किमान तापमान दहाच्या आसपास, हॉलमध्येही गारठा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी 26 अंशांवरून 20 वर आलं होतं. नवीन दीडशे वॅटचा हीटर त्याच दिवशी लावला, पण टेट्रांना व्हायचं ते झालंच. पाचव्या दिवशी चार टेट्रांच्या शेपटीवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. थंडी बसल्यावर येणारा हा इकचा आजार ओळखीचाच आहे. तापमान दिवसाला एक-एक अंश वाढवत 29 पर्यंत नेलं आणि औषध अर्ध्या मात्रेत दिलं, कारण टेट्रा आणि कोरीडोरास दोघांनाही पूर्ण मात्रा सोसत नाही. पंधरवडा गेला. दोन टेट्रा गेले, बाकीचे वाचले.

या आजारपणामुळे आणखी एक गोष्ट माझ्या नजरेस आली. औषध देण्यासाठी मी खालच्या फळीवरचा तो उघडा डबा काढला आणि त्यात काय काय आहे ते पहिल्यांदा पिल्लाच्या नजरेनं बघितलं. मॅलॅकाइट ग्रीन. मिथिलीन ब्लू. पोटॅशियम परमँगनेटची पुडी. झाडांसाठीचं लिक्विड कार्बन, ज्यात ग्लुटरअल्डिहाइड असतं आणि जे तोंड-अन्ननलिकेची आग करतं. किलोभर जाडं मीठ. ज्या मिठाला आपण औषधही म्हणत नाही तेसुद्धा कुत्र्याला घातक ठरतं: शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे 2-3 ग्रॅम पोटात गेलं की उलट्या, थरथर सुरू होते, आणि 4 ग्रॅमनं जीव जाऊ शकतो. चौदा किलोच्या पिल्लासाठी 28 ग्रॅम म्हणजे चहाचे जेमतेम पाच चमचे. डब्याशेजारी डिजिटल थर्मामीटर पडलेला, त्यात बटणाएवढा सेल. तो गिळला गेला तर अन्ननलिकेत अडकून काही तासांत तिथलं मांस जाळतो. सक्शन कप, एअर स्टोन, सुटा स्पंज, हे सगळं आतड्यात अडकणारं. आणि माशांचं खाणं, ज्याच्या वासानंच तो त्या फळीपर्यंत येत होता.

डबा त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात गेला. काही विकत आणायचं नव्हतं, कुणाला बोलवायचं नव्हतं. दोन मिनिटांचं काम दोन महिने राहिलं होतं.

फरशीवर बसून पाहिल्यावर

घरातल्यांचं मत असं होतं की चिकू द्वाड आहे, त्याला शिस्त लावायला हवी. काकूंनी वायरींना तिखटाची पेस्ट लावली होती. त्यामागची काळजी मला कळत होती, पण मी ती पुसायला लावली. तिखट डोळ्यांत गेलं तर पिल्लाचे हाल होतात, ओठ आधीच भाजलेला, आणि वाळलेली भुकटी पंख्याच्या वाऱ्यानं टाकीत जाते. कडू चवीच्या तेलकट फवाऱ्यालाही मी टाकीजवळ नको म्हणतो, कारण पाण्यावर तेलाचा तवंग आला की पाण्यात हवा मिसळत नाही. मित्रानं चिकूला दिवसभर गॅलरीत ठेवून बघितलं. त्यानं तिथे भुंकून सोसायटी डोक्यावर घेतली आणि दाराची चौकट कुरतडली.

मला मात्र एक कोडं पडलं होतं. हॉलमध्ये चपला आहेत, सोफ्याचे पाय आहेत, टीव्हीच्या वायरी आहेत. हा नेमका तिथेच, त्या अंधाऱ्या फटीकडे का जातो? ते कळावं म्हणून एका रविवारी सकाळी सातला मी त्यांच्याकडे गेलो आणि स्टँडपासून हातभर अंतरावर फरशीवर बसून राहिलो.

साडेसातला गॅलरीतून ऊन आत आलं. ते समोरच्या काचेतून पाण्यात शिरलं, पाण्यातून मागच्या काचेतून बाहेर पडलं, आणि स्टँडमागच्या भिंतीवर आणि फरशीवर उजेडाची जाळी हलायला लागली. फिल्टरच्या धारेनं पाणी थरथरत होतं, त्याबरोबर ती जाळीही. चिकू उठला, कान पुढे, आणि सरळ तिकडे गेला. आता तो मागे मावत नव्हता, पण मान आणि पुढचे दोन पाय आत घालून तो त्या उजेडावर पंजा मारत राहिला. दहा मिनिटांनी ऊन सरकलं. मग तो तिथेच आडवा झाला, गाल टेकवला तो लाईटच्या अडॅप्टरवर. मी हात लावून पाहिलं. अडॅप्टर कोमट होता. बाहेर नाशिकची थंडी, फरशी बर्फासारखी, आणि घरभरात जमिनीलगत उबदार अशी ती एकच वस्तू. त्याच्या नाकासमोर, बरोबर चार बोटांवर, हीटरची वायर लोंबत होती.

म्हणजे उजेड त्याला तिकडे नेत होता, ऊब त्याला तिथे झोपवत होती, आणि जाग आल्यावर शिवशिवणाऱ्या हिरड्यांना समोर रबर मिळत होतं. यात द्वाडपणा कुठेच नव्हता. काकू माझ्या मागे उभ्या राहून हे बघत होत्या. त्यांनी आतून त्यांची जुनी शाल आणली, घडी घातली आणि सोफ्याच्या कोपऱ्यात अंथरली. "अरे बाळा, गारठत होतं रे लेकरू," एवढंच म्हणाल्या.

काय बदललं

आधी वायरी. कुत्र्याला "सोड" शिकवायला महिने लागतात आणि शिकवायलाच हवं. पण बोर्ड हलवायला एक दुपार लागते, म्हणून बोर्ड आधी. इलेक्ट्रिशियनला बोलावून टाकीच्या डाव्या बाजूच्या भिंतीवर, टाकीपासून फूटभर लांब, पाच फूट उंचीवर नवीन बोर्ड बसवला. टाकीच्या वर बसवायचा नाही, कारण वाफ आणि शिंतोडे. टाकीचा काठ चार फुटांवर आहे, त्यामुळे वायरी काठावरून थोड्या खाली उतरतात आणि मग वर बोर्डात जातात. हा झोळ मुद्दाम ठेवायचा. वायरीवरून पाण्याचा थेंब ओघळला तर तो झोळाच्या तळाशी येऊन खाली पडतो, पिनेपर्यंत चढत नाही. मात्र झोळाचा तळ टाकीच्या काचेच्या पाठीमागेच राहील, स्टँडच्या खाली येणार नाही, एवढा तो आखूड ठेवला. खालून वर येणारी वायर फक्त कॅनिस्टरची, ती जाड फ्लेक्झिबल पाइपात घालून भिंतीला क्लॅम्प केली. लाईटचा अडॅप्टरही वर गेला. घराच्या मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसला, आणि लोखंडी स्टँडला अर्थिंगची वायर जोडली. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं काम मुलीकडे.

मग फट. आधी आम्ही दोन्ही बाजूंना लोखंडी जाळी लावली. ती चूक ठरली. दुसऱ्याच दिवशी चिकूचं नख जाळीत अडकलं. जाळी काढून वॉटरप्रूफ प्लायच्या उभ्या पट्ट्या बसवल्या, बिजागरीवर, म्हणजे मला हात घालायचा तर उघडता येतात. स्टँडच्या पुढच्या आणि बाजूच्या उघड्या चौकटींनाही प्लायची दारं, वर हवेसाठी भोकं, आणि लहान मुलांसाठी कपाटाला लावतात तशा चुंबकाच्या कड्या. मागच्या काचेला काळा पेपर चिकटवला. त्या दिवसापासून भिंतीवरची उजेडाची जाळी बंद, आणि चिकूची सकाळची फेरीही बंद. एंजलना मागे अंधार मिळाल्यामुळे तेही जास्त निवांत झाले.

पाण्याचा विचार वेगळा करावा लागला. कॅनिस्टरचा पाइप खाली कुठेही निघाला तर टाकीतलं पाणी वळणावरून चढून फरशीवर येत राहतं, आणि ते थांबतं आत घेणाऱ्या पाइपाची जाळी ज्या उंचीवर असेल तिथे. आमची जाळी वाळूला टेकलेली होती. म्हणजे पाइप निसटला असता तर अख्खी टाकी हॉलमध्ये आली असती आणि मासे वाळूवर. ती जाळी तळापासून आठ इंचांवर आणली. पाणी परत आणणाऱ्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडलं. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. एअर पंपाच्या नळीत नॉन-रिटर्न वाल्व्ह घातला, कारण पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा नळीतून पाणी उलटं पंपात उतरतं.

वजनाबद्दल मित्राला खूप भीती होती की चिकू टाकी पाडेल. भरलेली 180 किलोची टाकी पिल्लाच्या धक्क्यानं सरकत नाही. पण पूर्ण वाढलेला लॅब्रॅडॉर तीस किलोच्या पुढे जातो आणि मागच्या पायांवर उभा राहिला की पंजे सहज काठापर्यंत जातात. त्या दिवसासाठी आजच तयारी केलेली बरी. स्टँडचा एक पाय किंचित अधांतरी होता, त्याखाली पॅकिंग घालून लेव्हल घेतली, आणि स्टँडच्या वरच्या चौकटीला दोन एल-क्लॅम्प लावून अँकर बोल्टनं भिंतीत पक्के केले. सैल झाकणाऐवजी पाच मिलिमीटर काचेचं, क्लिपांत बसणारं झाकण. टाकीशेजारचा मोडा उचलून दुसऱ्या खोलीत. चिकू त्यावर चढूनच काचेला नाक लावायचा.

पाणी बदलायच्या दिवशी मात्र कुठलीही सोय पुरत नाही. त्या दिवशी झाकण उघडं असतं, बादल्या भरलेल्या, फरशी ओली, हीटर वीस मिनिटं आधी बंद करून थंड व्हायला ठेवलेला. दोनदा चिकू जुन्या पाण्याच्या बादलीत तोंड घालून प्यायला आणि दोन्ही वेळा त्याचं पोट बिघडलं. आता वहिनी त्याला तेवढा पाऊण तास आतल्या खोलीत घेऊन बसतात, गोठवलेलं गाजर चघळायला देऊन. "भाऊजी, तुम्ही आलात की त्याला गाजर मिळतं एवढंच त्याला कळलंय," त्या म्हणाल्या.

सगळ्या कामाचा खर्च नवीन हीटर धरून साडेआठ हजारांच्या आत बसला. त्यातला मोठा वाटा प्लाय आणि सुताराच्या मजुरीचा. पैसे एकदम काढणं जमत नसेल तर मी क्रम असा सांगेन: औषधांचा डबा आज, बोर्ड या आठवड्यात, बाकी महिनाभरात. क्लॅम्प आणि झाकण पिल्लू सहा महिन्यांचं व्हायच्या आत.

चिकू आता आठ महिन्यांचा आहे. ओठावर डाग शोधूनही सापडत नाही. गेल्या खेपेला गेलो तेव्हा तो शालीवरून उठून माझ्याबरोबर टाकीपाशी आला आणि शांत बसला. पण स्टँडच्या दाराच्या खालच्या कडीभोवती प्लाय ओला होता आणि त्यावर दातांच्या ताज्या खुणा होत्या. आत माशांच्या खाण्याची बाटली राहिली होती. बाटली वर ठेवली, कडी काढून दाराच्या वरच्या कोपऱ्यात आतल्या बाजूनं बसवली, आणि जुन्या कडीची भोकं पुट्टीनं बुजवली. पुढच्या महिन्यात पुन्हा बघायला जाणार आहे.